'अबाइड विथ मी' हे रडगाणं नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला 'अबाइड विथ मी' ('माझ्यापाशी राहा') या ख्रिस्ती भक्तिगीतावरचा लेख वाचला. रात्री नीट झोप लागली नाही, म्हणून आज सकाळीच लिहायला बसलो. प्रजासत्ताक दिनानंतर दिल्लीत होणाऱ्या लष्करी बँडच्या 'बीटिंग रिट्रीट' सोहळ्यातून त्याची धून २०२२ साली वगळली, ते बरोबर की चूक, या वादात मला पडायचं नाही. पण लेखकमहाशयांनी तिला 'मरणाला भ्यालेल्या, हरलेल्या माणसाचं रडगाणं' ठरवून टाकलंय. एवढं मोठं विधान करण्याआधी त्यांनी गीत शेवटपर्यंत वाचायला हवं होतं.

त्यातली 'राहा' ही विनवणी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायातली आहे. येशूला वधस्तंभावर देऊन तिसरा दिवस. दोन शिष्य खिन्न होऊन यरुशलेमहून अम्माऊसकडे चाललेत. वाटेत एक अनोळखी माणूस सोबतीला येतो. गाव जवळ आल्यावर तो पुढं निघतो, तेव्हा हे दोघं त्याला आग्रह करतात, दिवस कलला, आता आमच्याकडेच राहा. तो भाकर मोडतो तेव्हा त्यांना ओळख पटते. ज्याच्यासाठी ते शोक करत होते, तोच बरोबर चालत होता. मरण टाळून दे, असं यात कुठं आहे? उलट शेवटून दुसऱ्या कडव्यात 'मरणा, तुझी नांगी कोठे?' हा बायबलमधल्या प्रेषित पौलाचा सवालच आलाय. हेन्री फ्रान्सिस लाइट हे गीत लिहून गेले. ते पाद्री १८४७ साली क्षयानं वारले. त्यांना मरण ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल?

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. माझी आई शेवटचे अकरा दिवस इथल्याच एका दवाखान्यात होती. संध्याकाळी मी डबा घेऊन जायचो आणि नऊला निघायचो. शेवटच्या रात्री निघताना तिनं माझ्या शर्टाचं टोक धरलं. "थांब की जरा. जाशील मग." एवढंच. औषधाचं विचारलं नाही, बरी होईन का तेही विचारलं नाही. मग बहीण आणि मी हळू आवाजात हेच गीत म्हणायला लागलो. आमच्या घरात ते मराठीतच म्हणतात. आईचे ओठ हलत होते. तिसरं कडवं चालू असताना वॉर्डातल्या बाई आल्या आणि म्हणाल्या, "पेशंटजवळ मरणाची गाणी म्हणू नका, बाकीचे घाबरतात." शेजारच्या खाटेवरच्या आजी उशीवरून मान उचलून म्हणाल्या, "म्हणू दे की पोरांना. आमच्यात हरिपाठ म्हणत्यात, तसंच हाय हे." तरी आम्ही गप्प झालो. पहाटे आई गेली. राहिलेली कडवी आम्ही दफनभूमीत म्हटली, मूठमाती देताना, आणि तेव्हा आम्ही रडतही होतो. विश्वास असला की रडू येत नाही, हा लेखातला दुसरा गैरसमज.

त्या बाईंना रागावण्यात अर्थ नव्हता, त्यांना माहीत नव्हतं. पण तुमच्या लेखकानं त्यांचंच वाक्य छापील करून घरोघरी पोचवलं, याचा मला राग आहे. त्या आजींना जे एका ऐकण्यात कळलं, ते अर्ध्या पानाचा लेख लिहिणाऱ्याला कळू नये?

जाता जाता आणखी एक. यंदाही गुड फ्रायडेला तुमच्या पहिल्या पानावर 'हार्दिक शुभेच्छा'ची रंगीत जाहिरात होती, फुलांच्या नक्षीसकट. त्या दिवशी आम्ही दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मनन करत बसलेले असतो. तो दुखवट्याचा दिवस आहे. शुभेच्छा ईस्टरला द्या, आम्ही आनंदानं घेऊ. मागच्या वर्षीही मी याबद्दल पत्र टाकलं होतं, ते छापलं नाहीत. हे छापावं आणि त्या लेखाखाली दुरुस्तीही द्यावी, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक
कसबा बावडा, कोल्हापूर