मी हरवलो नव्हतो

चिपळूण,
गुरुवार, रात्री

चि. अनिकेत यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू पुन्हा म्हणालास, "बाबा, पुढच्या वेळी तुमच्या गळ्यात पत्त्याची पाटीच अडकवतो." मी हसलो खरा, पण फोन ठेवल्यावर वाटलं, आता सांगूनच टाकावं. तुझ्याकडे फ्रान्सला आलो होतो, तेव्हाच्या त्या बुधवारी मी हरवलो नव्हतो. फोनची बॅटरी संपली होती, एवढंच खरं. रस्ता चुकलो, हे खोटं.

रूआँसारख्या गावात हरवणं तसं अवघडच. स्टेशनातून बाहेर पडलं की जान द'आर्कच्या, म्हणजे जोन ऑफ आर्कच्या, नावाचा रस्ता सरळ उतरत सेन नदीला जाऊन भिडतो. जुनं गाव त्याच्या दोन्ही अंगांना. कुठल्या बोळात गोंधळ झालाच तर उताराच्या बाजूला चालायचं, नदी लागतेच. आपण खाडीकाठची माणसं, आपल्याला हे कुणी शिकवावं लागत नाही.

तू सकाळी बस पकडून टेकडीवरच्या विद्यापीठात जायचास आणि मी डबा घेऊन पूल ओलांडून जुन्या गावात. तुला तिथे दोन वर्षं झाली, पण मी ज्या जागेचं नाव काढावं ती तू 'बसमधून बघितलेली'. म्हणून हे सविस्तर लिहितोय. रविवारी लॅपटॉप मिटून ठेव आणि मी चाललो तसा चालून बघ. माझा गुडघा असा असूनही जमलं, म्हणजे तुला काहीच कठीण नाही. कातरीनच्या टेकडीवर मात्र मी चढलो नाही. त्या पायऱ्या खालूनच बघून नमस्कार केला.

पहिले दोन दिवस मी फक्त घरं बघितली. बांधकाम खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काय दिसणार! सँ-माक्लू चर्चच्या आसपासच्या गल्ल्यांत ती लाकडी सांगाड्याची घरं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी आहेत. काही इतकी कललेली की माझ्या हाताखालच्या माणसाने असा खांब उभा केला असता तर मी बिल अडवलं असतं. वरचा मजला खालच्यापेक्षा हातभर पुढे, त्याच्यावरचा आणखी पुढे. खाली जागा तेवढीच ठेवून वर खोली वाढवायची युक्ती. पुढे गल्लीत उजेडच येईना, तेव्हा अशी पुढे काढलेली घरं बांधायला बंदी झाली.

एका घराची दुरुस्ती चालली होती. बाहेरचा गिलावा उतरवला होता आणि ओकच्या दोन खांबांमधली भिंत उघडी पडली होती. जवळ जाऊन बघितलं, तर काड्यांच्या आधारावर लिंपलेली पिवळसर माती आणि तिच्यातून बाहेर आलेली गवताची टोकं. अरे, कूड! आजोबांच्या घराची मागची पडवी होती ना, तशीच कुडाची भिंत. आपल्याकडे शेणमाती आणि वर कौलं, यांच्याकडे चुना आणि वर चार मजले. मी बोटाने माती खरवडून बघितली, तर परांचीवरचा (म्हणजे पहाडावरचा रे, बांबूऐवजी लोखंडी नळ्यांचा) गवंडी वरून काहीतरी ओरडला. मी हात जोडले. तो हसला आणि त्याने मलाच विटेचा एक तुकडा उचलून द्यायला लावला.

तिथूनच एका दारातून आत जाता येतं त्या एत्र सँ-माक्लूच्या चौकात. हे नक्की बघ. 1348 च्या प्लेगमध्ये माणसं इतकी मेली की पुरायला जागा कमी पडू लागली. पुढे सोळाव्या शतकात चौकाभोवती लाकडी सोपे बांधले आणि जुन्या कबरींतली हाडं काढून त्यांच्या माळ्यावर रचली. आज चौकात झाडं आहेत, बाकं आहेत, पोरं डबा खात बसतात. तुळयांवर नजर गेली की मात्र कळतं. कवट्या, मांडीची हाडं आणि त्यांच्या शेजारी कुदळ नि फावडं, सगळं लाकडात कोरलेलं. फावड्याचा दांडा मी बराच वेळ बघत होतो. मरणाचं चित्र काढताना त्या सुताराने खड्डा खणणाऱ्याचं हत्यार विसरलं नाही, हे मला फार आवडलं. शिवाय भिंतीत सापडलेलं एक वाळलेलं मांजर काचेमागे ठेवलंय. ते आईला सांगू नकोस.

रोबेकची गल्ली दहा मिनिटांवर. पूर्वी तिथे रंगाऱ्यांची वस्ती होती. ज्या ओहोळात ते कापड धुवायचे त्याच्या जागी आता शहाण्यासारखा वाहणारा बारीक पाट आहे, आणि घराघरांत जायला छोटे छोटे साकव. वर बघ, काही घरांचे माळे उघडे आहेत. रंगवलेलं कापड तिथे वाळत घालायचे.

कॅथेड्रलबद्दल फार लिहीत नाही, ते तुला ठाऊक आहे. चित्रकार मोनेने 1892 आणि 1893 मध्ये समोरच्या खोल्यांत बसून त्याची तीसच्या आसपास चित्रं काढली, प्रत्येकात उजेड वेगळा. ओतीव लोखंडाचा 151 मीटरचा मनोरा 1876 मध्ये पुरा झाला तेव्हा जगातली सगळ्यात उंच इमारत ठरला आणि चार वर्षं तो मान त्याच्याकडे राहिला. 2024 च्या जुलैत त्याच्यावर दुरुस्तीच्या वेळी आग लागली, तेव्हा तू व्हिडिओ पाठवला होतास. मला मात्र मजा वाटली ती उजवीकडच्या मनोऱ्याची. त्याचं नावच लोण्याचा मनोरा. ईस्टरआधीच्या उपासात लोणी खायची मुभा हवी असेल तर पैसे भरायचे, आणि तो पैसा बांधकामात घातला. चातुर्मासात कांदा-लसूण खायला पावती फाडून आपल्या देवळाचा कळस चढवावा, तसं. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग आपल्याकडे कळस सोन्याचा झाला असता."

आता घड्याळ. ग्रो-ऑर्लोजच्या कमानीखालून तू शंभरदा गेला असशील. त्याचं मूळ यंत्र 1389 चं. काटा एकच, तासाचा, आणि त्याच्या टोकाला कोकरू. मिनिटाची त्या काळी कुणाला घाई नव्हती. तबकडीच्या वर एक गोळा आहे बघ, अर्धा काळा अर्धा उजळ. तो चंद्राच्या कला दाखवतो. मी मान वर करून उभा राहिलो आणि विचारात पडलो, भर बाजारात, समुद्रापासून इतक्या लांबच्या गावात चंद्र कशाला हवा?

उत्तर बुधवारी मिळालं.

त्या दिवशी मी बाजाराच्या जुन्या चौकात गेलो होतो. 30 मे 1431 ला जानला तिथे जाळलं. एकोणीस वर्षांची पोर, आपल्या ताईपेक्षाही लहान. आता त्या जागेपाशी 1979 चं चर्च आहे, छप्पर पाटीच्या दगडाचं, लाटेसारखं. मला ते पावसाळ्यात दाभोळला उपड्या करून ठेवलेल्या होड्यांसारखं वाटलं. आत सोळाव्या शतकातल्या रंगीत काचा आहेत. त्या ज्या चर्चच्या होत्या ते 1944 च्या बाँबफेकीत गेलं. काचा आधीच उतरवून ठेवल्या होत्या, म्हणून वाचल्या.

जानची राख सेनमध्ये टाकली होती. ते वाचून मी सरळ नदीवर गेलो आणि खालच्या धक्क्यावर, बाकावर बसलो. साडेपाच वाजले असतील. समोरून एक फळकुट तरंगत आलं. उजवीकडून डावीकडे. मी जागचा उठलो. उजवीकडे, मावळतीला, समुद्र. म्हणजे फळकुट समुद्राकडून वर, पॅरिसच्या दिशेला चाललं होतं.

भरती, अनिकेत! समुद्रापासून नदीच्या वाटेने सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आत, आणि भरती. नंतर वाचलं की ती रूआँच्याही पुढे पोझच्या बंधाऱ्यापर्यंत जाते, आणि मोठी जहाजं समुद्रातून थेट रूआँला येतात. बंदरच आहे ते, गहू पाठवणारं. चंद्राचा गोळा घड्याळावर का, हे मग कळलं. माझ्या बॅगेत कालनिर्णय होतं म्हणून तू हसला होतास ना? काढून बघितलं. अमावस्या होऊन पाच दिवस झालेले. उधाण नाही, तरीही!

आता सांग, वाशिष्ठीच्या काठावर साठ वर्षं काढलेला माणूस त्या बाकावरून उठेल का? 2021 मध्ये वरून पाऊस आणि खालून भरती, अशी आपली नदी तुंबली तेव्हा माडीवर बसून आपण तिघांनी पाणी उतरायची वाट बघितली होती. त्या रात्री शिकलेलं विसरत नाही. पाणी पालटेपर्यंत माणसाने जागचं हलू नये.

बसलो. धक्क्याच्या भिंतीवरची ओली रेघ हळूहळू बुडत गेली. आजोबांच्या अस्थी घेऊन गोवळकोटच्या धक्क्यावर आपण सुकतीची वाट बघत उभे होतो, ते आठवलं. तू आठवीत होतास, मांडवाची काठी धरल्यासारखा माझा हात धरून होतास. आणि मनात आलं, त्या पोरीची राख टाकणाऱ्यांनी पाणी बघितलं असेल का? भरतीला टाकली असेल तर ती आधी वर गेली असेल आणि मग परत गावापुढूनच खाली.

उजेड तिकडे जूनमध्ये दहापर्यंत, त्यामुळे वेळ कळलाच नाही. नऊनंतर कधीतरी पाणी थबकलं. एक बाटली बराच वेळ जागच्या जागी फिरत होती. मग ती डावीकडून उजवीकडे निघाली आणि मीही निघालो.

पुलावर तू भेटलास. सायकल टाकून धावत आलास, तोंड लाल, "कुठे होतात तुम्ही?" तेव्हा भरती बघत होतो म्हणालो असतो तर तू मला नदीतच ढकलला असतास.

हे सगळं रविवारी बघ. नदीवर जायचं ते पंचांग बघून, पौर्णिमेच्या नाहीतर अमावस्येच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पाऊस पडून गेला असेल तर घड्याळाच्या रस्त्यावर जपून चाल, फरशी निसरडी होते. फोन चार्ज करून ने. माझं सोड.

ताईचं बाळ बरं आहे, रात्री जागवतं. आईला मी रस्ता चुकलो होतो असंच सांगितलंय. ते तसंच राहू दे.

तुझा,
बाबा