लेबलं यंदा हाताने लिहायची नाहीत

पुणे, 18 जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

सोबत पेन ड्राइव्ह आहे. त्यात प्रिंटरचा नवा ड्रायव्हर आहे, कंपनीच्याच साइटवरून मी उतरवून घेतलेला. फोनवर सांगितलं असतं, पण आपल्याकडे रेंज येते पडवीत आणि कॉम्प्युटर आहे माजघरात. म्हणून सावकाश लिहिते आहे. आईने शेजारी बसून वाचावं, बाबांनी माऊस धरावा.

बाबा, गेल्या एप्रिलमध्ये प्रिंटर छापेना म्हणून वाशीच्या बाजारात जाणाऱ्या हापूसच्या पेट्यांची लेबलं तुम्ही रात्री एकपर्यंत बसून स्केचपेनने लिहिलीत, हे मला आईकडून कळलं. मी फोन केला तर "ऱ्हवांदे गो, हातान लिवतंय मी" एवढंच म्हणालात. तुमचा हात अलीकडे कापतो, तेच सारखं डोळ्यांपुढे येत राहिलं. तेव्हापासून तुमच्या मनात आहे की आपल्याकडून काहीतरी भलतं दाबलं गेलं. तसं झालेलं नाही. त्याआधीच्या दिवाळीत मी आले होते, परतीच्या गाडीची घाई होती, आणि जुना ड्रायव्हर न काढता मी नवा त्याच्यावरच टाकला. चूक तिथे झाली, आणि ती माझी.

ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांच्यातला दुभाषी. आपल्या माळ्यावर रिकामे खोके "लागतील कधीतरी" म्हणून ठेवलेले असतात, तसा विंडोजचाही एक माळा असतो. प्रत्येक ड्रायव्हरची एक प्रत तिथे जपून ठेवलेली असते. प्रिंटर नुसता यादीतून काढला तरी माळ्यावरची प्रत जात नाही, आणि केबल लावली की विंडोज तीच काढून पुन्हा जोडतं. आपल्याकडे एकाच प्रिंटरची दोन नावं दिसायला लागली, एकापुढे 'कॉपी 1' लिहिलेलं. तुमची लेबलं जुन्या नावाकडे जात होती आणि रांगेतच पडून राहत होती.

आधी प्रिंटरची यूएसबी केबल काढा. पुढे सांगेन तोवर ती लावायची नाही. सेटिंग्जमध्ये 'ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस', त्यात 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' उघडा आणि आपल्या प्रिंटरची दोन्ही नावं एकेक करून 'रिमूव्ह' करा. मग त्याच पानावर खाली 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज' आहे, त्यातला 'ड्रायव्हर्स' हा टॅब. तिथे आपल्या प्रिंटरच्या ओळीवर 'रिमूव्ह' दाबलं की दोन पर्याय येतील. पहिल्याने वरवरचा ड्रायव्हर जातो, माळा तसाच राहतो. दुसरा, 'रिमूव्ह ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज', तोच घ्या. मायक्रोसॉफ्टच्या नावाच्या ओळींना हात लावू नका. आईच्या पेन्शनचे कागद पीडीएफ करतो, ते त्यांतल्याच एकामुळे.

ड्रायव्हर वापरात आहे, असं कॉम्प्युटर म्हणाला तर घाबरू नका. छपाईची रांग सांभाळणारा 'प्रिंट स्पूलर' त्याला धरून असतो. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' टाइप करा, यादीत प्रिंट स्पूलर शोधा, राइट क्लिक करून 'रीस्टार्ट' करा आणि लगेच परत येऊन पुन्हा काढा. कुणी कितीही सांगितलं तरी विंडोजच्या 'सिस्टिम 32' या फोल्डरमध्ये शिरून फायली हाताने उडवू नका. काही फायली दोन-दोन ड्रायव्हर मिळून वापरतात, आणि फाइल गेली तरी विंडोजच्या वहीतली तिची नोंद मागे राहतेच.

एवढं झालं की कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. बाबा, इथे तुमची सवय आड येईल. तुम्ही शट डाऊन करून पुन्हा चालू करता, पण ते रीस्टार्टसारखं नसतं. शट डाऊन करताना विंडोज आपला गाभा बहुधा डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तोच उठवतं, म्हणजे जुनं थोडं शिल्लक राहू शकतं. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

आता पेन ड्राइव्हमधली 'सेटअप' नावाची फाइल चालवा. केबल लावा असं तो स्वतः सांगेल, तेव्हाच लावा. आधी लावली तर विंडोज स्वतःच्या मनाने भलताच ड्रायव्हर जोडू शकतं.

हे सगळं या आठवड्यातच करा. वीज नीट असेल अशा सकाळी बसा, मध्येच लाइट गेली तर अर्धवट राहील. मार्चमध्ये पहिली पेटी भरताना हा घोळ नको. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर तुम्ही धडपडून आपल्या बागेची नोंदणी करून घेतलीत. त्या मानांकनाचं लेबल स्वच्छ, वाचता येईल असंच पेटीवर लागायला हवं.

आई, गुडघ्याला तेल लावतेस ना? डॉक्टरांची तारीख मी लक्षात ठेवली आहे, त्या दिवशी मी येते.

टेस्ट पेज निघालं की ते फेकू नका. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहा, यंदा मोहर कसा आहे, तुडतुडा किती आहे, विहिरीजवळच्या जुन्या कलमाला काही धरलंय का. आणि पोस्टात टाका.

तुमची,
ताई