गोलातलं टिंब

नारायण पेठ, पुणे
रविवार, दुपार

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

बाणेरहून इथे यायला तुला तास लागतो, फोन तर रोज होतो, आणि तरी आई पत्र लिहितेय म्हणजे काहीतरी आहे, हे तू ओळखलंच असशील. समोर बसून बोलायचा दोनदा प्रयत्न केला. एकदा तू साखरपुड्याच्या साडीचे फोटो दाखवायला लागलीस, दुसऱ्यांदा मीच चहा टाकायला उठले. दादा म्हणाला, "आई, तू सांगतेस की मी सांगू?" म्हणून आज कागद घेतला.

तू बारा वर्षांची असताना मी तुला सांगितलं होतं, "तुला काही नाही हं, दादाचं तुझ्यात आलेलं नाही." मनू, दादाचा हिमोफिलिया, म्हणजे रक्त लवकर न थांबण्याचा आजार, तुझ्यात आलाय की नाही, ते मला माहीत नव्हतं. आजही कुणाला माहीत नाही.

तुझी पाळी सुरू झाली तेव्हा आठव्या दिवशीही थांबेना, म्हणून तुला दादाच्याच डॉक्टरांकडे नेलं होतं. निळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतलं. फॅक्टर ८ ची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाची, पातळी आली ५४ टक्के आणि शेजारी नॉर्मल म्हणून छापलं होतं, ५० ते १५०. मी तेवढंच वाचलं आणि रिक्षात बसल्यावर रडले. तू घाबरलीस, तर तुला लक्ष्मी रोडवर नेऊन निळा फ्रॉक घेतला. डॉक्टर त्यापुढे काही बोललेही असतील. माझे कान त्या आकड्यावरच बंद झाले होते.

मग तू दहावीत असताना १७ एप्रिलला, हिमोफिलिया दिनाच्या मेळाव्यात, एक समुपदेशक बाई बोलल्या की पातळी नॉर्मल आली म्हणून बाई वाहक नाही, म्हणजे आजार मुलांना देऊ शकत नाही, असं धरू नका. मी ते वहीत लिहून घेतलं. घरी आले आणि वही कपाटात टाकली. तुझी दहावी होती, मग बारावी, मग इंजिनिअरिंग, मग नोकरी. अकरा वर्षं मला कारणं मिळत गेली. मधे तुझी अक्कलदाढ काढली, दोन दिवस उशी लाल होत होती, दाताचे डॉक्टर म्हणाले होतं असं कधीकधी. मी मान डोलावली. दादाची आई असून मी मान डोलावली!

आता जे समजलंय ते सांगते. फॅक्टर ८ बनवायची कृती एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषाकडे एक्स एकच. तो बिघडलेला आला की संपलं, दादासारखी पातळी एक टक्क्याच्याही खाली. बाईकडे दोन. पण पेशी दोन्ही वापरत नाही. गर्भात असतानाच प्रत्येक पेशी दोनातला एक एक्स घडी घालून ठेवून देते. कुठला ठेवायचा ते तिच्या मर्जीवर, आणि तिच्यापासून पुढे होणाऱ्या सगळ्या पेशी तोच हिशेब पाळतात. हे मेरी लायन या बाईंनी १९६१ साली मांडलं. एखाद्या वाहक बाईच्या बऱ्याचशा पेशींनी नेमका चांगला एक्स जागा ठेवला, तर तिची पातळी ऐंशी येईल, शंभर येईल. उलटं झालं तर तीसही येईल, आणि मग तिलाही सौम्य हिमोफिलियाच म्हणतात. म्हणजे तुझे ५४ हे तुझ्या शरीरातल्या सरमिसळीचं माप. बिघडलेला एक्स तुझ्याकडे आलाय की नाही, हे त्यावरून कळत नाही. ते फक्त डीएनएच सांगतो.

माझ्याबद्दल मात्र कुणाला तपासणीची गरजच पडली नाही. भावाला होता, मुलाला आहे, म्हणजे मी वाहक, आकडेमोड संपली. (शेजारच्या काकूंना मी पहिल्यांदा "मी कॅरिअर आहे" म्हटलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "हो, बाईनं करिअर करावंच.")

तुझ्या मामाबद्दल मी तुला फार सांगितलेलं नाही. माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा. दुधाचा दात पडला की वाड्यात सगळ्यांना कळायचं. एकदा पाच दिवस हिरडीतून रक्त येत होतं. आजी त्याला मांडीवर घेऊन जोत्यावर बसायची. हातात पितळेची वाटी, बोटात तुरटीचा खडा. तो थुंकायचा, आणि वाटीत लाल दह्यासारखं काहीतरी साकळायचं. ते साकळलेलं बघून मला वाटायचं, गोठतंय की, मग थांबत का नाही? त्या वेळी तो वाचला. पुढच्या वर्षी, १९७९ मध्ये, वाड्याच्या दगडी पायऱ्यांवर घसरला. डोक्याला खोक नव्हती, नुसतं टेंगूळ. रात्री उलट्या सुरू झाल्या, सकाळी गेला. अकरा वर्षांचा होता. रक्त आत साठलं होतं, हे आज मला कळतं. तेव्हा घरात एवढंच म्हणत, "पडला आणि गेला." माझं लग्न ठरताना तुझ्या बाबांच्या घरी तेवढंच सांगितलं गेलं. आम्ही लपवलं असंही नाही. आम्हाला नाव माहीत नव्हतं.

आजीला मात्र सगळं ऐकावं लागलं. तिच्या सासरचे म्हणायचे, हिच्या माहेरचा दोष. तीही म्हणायची, माझ्याच पोटात काहीतरी होतं.

दादा नऊ महिन्यांचा असताना रांगायला लागला आणि गुडघ्यांवर निळे डाग दिसू लागले. एका दवाखान्यात मला बाहेर बसवून आयाबाईने विचारलं, मारता का हो लेकराला? पुढे तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी विचारलं, आईकडे कुणाला असं? मी मामाचं सांगितलं. त्यांनी एका कोऱ्या कागदावर आपलं घराणं काढलं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. मामाचा चौकोन काळा केला, दादाचा काळा केला. मग आजीच्या आणि माझ्या गोलात मधोमध एकेक टिंब दिलं, अगदी कपाळावरच्या कुंकवासारखं. म्हणाले, ही वाहकाची खूण. तुझे बाबा पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. सोळाव्या दिवशी शीर कशी शोधायची ते शिकायला दवाखान्यात गेले. त्यांच्याइतका हलका हात मला कधी जमला नाही. शिरेतून द्यायच्या फॅक्टरची बाटली तळहातांत धरून ऊब द्यायची, पाणी सोडल्यावर हलवायची नाही, फेस होतो, नुसती गोल गोल फिरवायची. तू तीन वर्षांची असताना डायनिंग टेबलवर सगळ्या वाट्या तशाच फिरवायचीस.

तू झालीस १९९८ मध्ये. तुझ्या वेळी सगळ्यांनी धास्ती घेतली होती. मुलगी झाली म्हणल्यावर बाबांनी बर्फीऐवजी पेढे वाटले, वाड्यात सगळे हसले. मुलगी झाली म्हणून सगळ्या घराने सुटकेचा निःश्वास टाकला, असं पेठेत बहुधा आपल्याच घरी झालं असेल. डॉक्टरांनी त्या जुन्या कागदावर दादाच्या शेजारी तुझा गोल काढला आणि तो रिकामा ठेवला. आम्ही तो रिकामा म्हणजे स्वच्छ असं वाचलं. खरं तर आईकडून दोनातला कुठला एक्स आला, हा छापा-काटा. तुझं निम्मं-निम्मं तेव्हाही होतं, आजही आहे.

आता ते निम्मं-निम्मं ठेवायची गरज उरलेली नाही, म्हणून हे पत्र. दादाने दोन महिन्यांपूर्वी रक्त दिलं. नमुना मुंबईला गेला, परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, तिथे. गेल्या आठवड्यात रिपोर्ट आला. त्याला 'इंट्रॉन २२ इन्व्हर्शन' म्हणतात. तीव्र हिमोफिलिया ए, म्हणजे फॅक्टर ८ च्या कमतरतेचा हिमोफिलिया, असलेल्या साधारण ४५ टक्के लोकांत हाच बिघाड सापडतो, म्हणून आधी तोच शोधतात. दादाने मला पोथीवरून समजावलं. फॅक्टर ८ च्या जनुकाची २६ प्रकरणं. बाविसाव्यानंतर पोथी फाटली, आणि पहिली बावीस उलटी करून लांब कुठेतरी बांधली गेली. अक्षर एकही हरवलेलं नाही, पण वाचता येत नाही.

त्याच वेळी डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. ही अशी उलटापालट बहुतेक वेळा पहिल्यांदा होते ती पुरुषाच्या बीजपेशी तयार होताना. त्या पुरुषाला स्वतःला काही होत नाही, त्याच्या मुलीपासून पुढे सुरू होतं. आपल्या घरात कुणापासून झालं ते आता कुणी सांगू शकणार नाही. कदाचित आजीचे वडील, कदाचित त्याही आधी कुणी. पण मी ते ऐकलं आणि पितळेची वाटी घेऊन बसलेली आजी डोळ्यांसमोर आली. तिला हे ऐकवायला हवं होतं. तिच्या सासरच्यांना तर नक्कीच.

दादाचा बिघाड कळल्यामुळे तुझं काम सोपं झालंय. तुझ्या डीएनएत फक्त तेवढी एक जागा बघायची. सापडला तर तू वाहक, नाही सापडला तर नाहीस. दादाचा रिपोर्ट हाताशी नसता तर अंधारात शोधत बसावं लागलं असतं.

आता मावशीचं म्हणणं. ती म्हणते, लग्न होऊ दे, मग करा काय तपासण्या करायच्या त्या. तिची माया आहे, पण मला राग आला. ही तपासणी जावयासाठी नाही, होणाऱ्या बाळासाठी तर त्याहून नाही. आधी ती तुझ्यासाठी आहे. तुझ्या पाळीसाठी, तुझ्या पुढच्या दाढेसाठी, उद्या ॲपेंडिक्स काढायची वेळ आली तर तिच्यासाठी. पातळी पुन्हा मोजून घे, बारा वर्षांची असतानाचा आकडा आता चालणार नाही. गरोदरपणात फॅक्टर ८ आपोआप वाढतो, आणि बाळंतपणानंतर काही दिवसांत उतरतो. माझ्या वेळी दहाव्या दिवशी पुन्हा अंगावर जायला लागलं, तर सगळे म्हणाले उष्णता झाली. तुझ्या डॉक्टरांना आधीपासून माहीत असलं तर पुढचं सगळं वेगळं होतं: बाळ ओढून काढायचा चिमटा, व्हॅक्यूम टाळतात, मुलगा झाला तर नाळेतलं रक्त तपासेपर्यंत दंडा-मांडीत इंजेक्शन देत नाहीत.

गर्भातली तपासणीही होते, ११ ते १३ आठवड्यांत वारेचा कणभर तुकडा घेऊन. मुलगा की मुलगी हे सांगायला कायद्याने बंदी आहे, पण लिंगाशी जोडलेल्या आनुवंशिक आजारांसाठी नोंदणी झालेल्या केंद्रात ही तपासणी करायला त्याच कायद्याने परवानगी आहे. ती करायची का आणि पुढे काय, यावर मला मत विचारू नकोस. मी लिहायला घेतलं आणि तीनदा खोडलं. शेजारच्या खोलीत दादा फोनवर कुणाशी तरी हसत बोलतोय. त्याचा उजवा गुडघा वाकत नाही, शाळेत त्याची किती वर्षं फुकट गेली, तुला माहीत आहे. आता महिन्याला पोटावर एमिसिझुमॅब या रक्तस्राव टाळणाऱ्या औषधाचं एक इंजेक्शन, आणि गेल्या वर्षभरात एकही ब्लीड नाही. मामाच्या वेळी तुरटी होती. तुझ्या मुलांच्या वेळी काय असेल ते मला सांगता येत नाही. तुमचं तुम्ही दोघं ठरवा. दादाला मात्र विचार. त्याला विचारलेलं आवडतं, आणि तो तुझ्यापेक्षा स्पष्ट बोलेल.

त्याची लेक चिमणी तर वाहक आहेच, तिच्यासाठी छापा-काटा नाही. बापाकडे एकच एक्स, तो तिला द्यावाच लागला. तिची डीएनए तपासणी ती मोठी होऊन स्वतः ठरवेल, पातळी मात्र शाळेत घालायच्या आधी बघून घेऊ. निळा फ्रॉक घ्यायला या वेळी मी जाणार नाही.

तुझ्या त्याला सांगायचं का? मी तर म्हणते सांग, आणि रिपोर्ट यायच्या आधी सांग. आला की कसं सांगू, असं होतं. त्याच्या आईला काय सांगायचं ते त्याला ठरवू दे. आणि तो पंधरा दिवस गप्प बसला, तर बस म्हणावं. सोळाव्या दिवशी काय करतो ते बघ.

शनिवारी सकाळी साडेनऊची वेळ घेतली आहे. दादा त्याचा रिपोर्ट घेऊन येईल, निळ्या फायलीत आहे, मूळ प्रत कुणाला देऊ नकोस, झेरॉक्स दे. आधी समुपदेशक बोलतील, त्यांना तुझ्या पाळीचं, अक्कलदाढेचं सगळं सांग, लाजू नकोस. मग रक्त. या वेळी डीएनएसाठी जांभळ्या टोपणाची नळी असेल. पातळीसाठी निळ्या टोपणाचीही घेतील. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, तेव्हा इकडूनच पोहे खाऊन जाऊ. मी येऊ का आत, ते तू सांग. नको म्हणालीस तर बाहेर बाकावर बसेन.

तुझी
आई