बारा वाजता सावली जात नाही

मा. संपादक,
स. न.

दर मे महिन्यात येते तशी शून्य सावली दिवसाची, म्हणजे सूर्य नेमका डोक्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली नाहीशी होण्याच्या दिवसाची, बातमी यंदाही आली. वेळ दिली होती दुपारी १२ची. नातवंडे पावणेबारापासूनच गच्चीत मुसळ उभे करून बसली. (ग्रहणातच मुसळ उभे राहते, असे आमची आजी सांगायची. बूड सपाट असले की ते कुठल्याही दिवशी उभे राहते.) बारा वाजले, सव्वाबारा झाले, तरी सावली हटेना. पोरे कंटाळून आंबे खायला खाली पळाली. मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका, चिकटून बसले. १२ वाजून ३१ मिनिटांनी सावली मुसळाच्या बुडाशी गुडूप झाली, तेव्हा ओरडून सगळ्यांना वर बोलावले.

ही एकतीस मिनिटे कुठून आली? आपले घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेले. पुणे त्याच्या पश्चिमेला साडेआठ अंशांहून थोडे जास्त. अंशाला चार मिनिटे धरली की जवळपास पस्तीस होतात. मेच्या मध्यावर सूर्य घड्याळाच्या पावणेचार मिनिटे पुढे असतो, तेवढी वजा करायची. म्हणूनच मुंबईकरांना १२.३५ पर्यंत थांबावे लागते, तर नागपूरकरांचे १२.१०लाच उरकते. तारीखही गावागणिक वेगळी: पुण्यात १३-१४ मे, नागपुरात २६ मेच्या आसपास. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला, तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. आपण मात्र 'रोज भरदुपारी सूर्य डोक्यावर' असे खुशाल लिहितो, मीसुद्धा फळ्यावर लिहिले असेल!

महाराष्ट्राला हा योग वर्षातून दोनदा मिळतो. पण मे महिन्यात आभाळ उघडे आणि शाळा बंद; जुलैअखेर शाळा उघडी आणि आभाळ बंद. तेव्हा मुलांपर्यंत हे पोहोचवायचे तर वर्तमानपत्रानेच पोहोचवावे. सूर्योदय-सूर्यास्त आपण रोज छापता. पुढच्या वर्षी एप्रिलअखेरीस जिल्हावार तारीख आणि मिनिटासह वेळ देणारा तक्ता छापाल का? एखादा दिवस चुकला तरी हरकत नाही, मेमध्ये सूर्य दिवसाला उत्तरेकडे जेमतेम पाव अंश सरकतो. पण वेळ चुकवू नका.

नातीने शेवटी विचारले, "मग बरोबर बाराला कुणाची जाते?" कागद-पेन्सिल घेऊन बसले. रायपूरकरांची, २६-२७ मेच्या सुमारास.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे