आबांच्या डोंगराला यंदा रोपं नकोत, पाणी हवंय

राम राम मंडळी,

दिवाळीला गावी आलेल्यांनी पाहिलंच असेल, डोंगरावरचं कुसळी गवत आत्ताच पिवळं पडायला लागलंय. संक्रांतीपर्यंत ते खडखडीत वाळेल आणि तिथून पुढं पाऊस पडेपर्यंत एका विडीच्या थोटकाचं काम. गेल्या मार्चमध्ये खालच्या शिवारात कोणीतरी बांध पेटवला आणि वाऱ्यानं आग वर नेली. कोणी पेटवला ते इथं लिहीत नाही. ज्याचं त्याला ठाऊक आहे, आणि विझवायला पहिला धावलाही तोच. पण पूर्वेच्या उतारावरचे तीन-तीन वर्षांचे करंज, बहावे, आपटे एका दुपारात गेले. आबा त्या संध्याकाळी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडताच करपलेली खोडं नखानं खरवडून, आतून कोणतं हिरवं आहे ते बघत फिरत होते.

आबांचं नाव छापायचं नाही अशी त्यांनीच ताकीद दिलीय. गावाला सांगायची गरज नाही, पण मुंबईत वाढलेल्या पोरांसाठी थोडं लिहितो. आबा १९६९ साली बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. १९७१च्या डिसेंबरात त्यांची पलटण, पहिली मराठा, जिला जंगी पलटण म्हणतात, ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या पाठीमागं गेली आणि ढाक्याकडं जाणारा रस्ता अडवून बसली. १० तारखेच्या रात्री जमालपुरातल्या पाकिस्तानी फौजेनं त्याच रस्त्यानं निसटायचा प्रयत्न केला, तो तिथंच मोडला. या रात्रीबद्दल आबा एवढंच सांगतात, "थंडी लई हुती. आन् जागचं उठायचं न्हवतं."

सुभेदार होऊन १९९४ साली ते घरी आले तेव्हा आपला डोंगर नुसता मुरूम होता. आपला खटाव पावसाच्या सावलीतला; जो काय पाऊस पडायचा तो तासाभरात ओढ्याला लागायचा. त्या वर्षी ते एसटीनं राळेगणसिद्धीला जाऊन आले. अण्णा हजारेही फौजीच, १९७५ला सैन्यातून परतलेले, त्यामुळं तिथलं बोलणं आबांना लगेच पटलं असावं. परत आल्यावर गायरानात समतल चर खणायला सुरुवात केली, एकट्यानं. लोक हसले. खांद्यावर कावड, दोन कॅन पाणी, रोज सकाळी एक खेप. मेंढपाळांशी भांडण न करता बोलणी केली: गवत कापून न्या, पण चारू नका. ही बोलणी आजही पाळली जातात. आम्हाला तर हे त्यांचं सगळ्यात अवघड काम वाटतं. झाडं कोणीही लावतं.

आता गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी डोंगर बंद केलाय. आबा मधल्या वडापर्यंतच चढतात आणि तिथून ओरडून सूचना देतात. म्हणून हे आवाहन.

आधी काय नको ते सांगतो. रोपं नकोत. दर जूनला कोणीतरी टेम्पोभर रोपं आणतं, फोटो निघतात, आणि पुढच्या होळीला त्या खड्ड्यात काठी उरते. वीतभर मातीवर लावलेल्या झाडाला निदान तीन उन्हाळे सांभाळावं लागतं, तेव्हा कुठं मुळं मुरमातल्या भेगांत उतरतात. आपल्याकडं सांभाळायची ६०० रोपं आहेत. दहा दिवसांतून एकदा प्रत्येकी १० लिटर, म्हणजे एका पाळीला ६,००० लिटर, एक टँकर. मार्चपासून जूनपर्यंत दहा पाळ्या. टँकरचे १५ हजार. वरच्या टेकाडावर ५,००० लिटरच्या दोन टाक्या आणि खाली सोडायची नळी, ९५ हजार. विहिरीचं पाणी फेब्रुवारीपर्यंत शेजारचे दादा फुकट देतायत, पंपासकट.

दुसरं जाळरेषेचं. डोंगराच्या खालच्या अंगानं २ किलोमीटर लांब आणि ५ मीटर रुंद पट्ट्यातलं गवत मुळापासून काढायचं, म्हणजे शिवारातली आग तिथंच अडेल. हे गवत पुरतं वाळायच्या आत, डिसेंबरातच व्हायला हवं. मजुरीचे ३० हजार, आणि पाचोळा उडवणारे दोन ब्लोअर २४ हजारांचे. आजवर आपण कडुलिंबाच्या ओल्या डहाळ्यांनी आग झोडपत आलो. हात भाजतात आणि माणूस दमतो.

एकूण १ लाख ६४ हजार. ५२ हजार जमलेत. यात आबांचे पैसे धरलेले नाहीत. पेन्शनमधून त्यांनी यंदाही २० हजार आणून दिले होते, ते समितीनं परत केले. रागावले, चार दिवस बोलत नव्हते. आजवरचा सगळा खर्च त्यांच्या खिशातून गेला, हे आता गावाला शोभत नाही.

तेव्हा राहिले १ लाख १२ हजार. वाशीच्या मार्केटातल्या मंडळींनी आपापल्या गाळ्यावर एकेक टँकर उचलला तरी पाण्याचा प्रश्न सुटेल. पावती ग्रामपंचायतीत मिळेल. खाते क्रमांक मुंबई मंडळाकडं आहे. हिशेब यात्रेच्या दिवशी देवळासमोर वाचून दाखवू, कोणालाही विचारायची मुभा आहे.

पैसे जमत नसतील तर या. डिसेंबरातल्या प्रत्येक रविवारी सकाळी साडेसहाला मारुतीच्या पारावर. विळा स्वतःचा आणा, जाड पॅन्ट घाला, कुसळं आरपार घुसतात. चहा आबांकडं. साखर जरा जास्त असते, बोलायचं नाही.

आपली,
डोंगर समिती