टायर मोठे केले, गिअरचे काय?

महोदय,

काळ्या मातीत रुतू नये म्हणून फोर-बाय-फोर पिकअपचे २१५/७५ आर १५ टायर (पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये) काढून अनेकजण २३५/७५ आर १५ चढवतात. व्यास सुमारे ७०४ वरून ७३४ मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार टक्के जास्त. मग ४.१० गुणोत्तराचे क्राऊन-पिनियन (अ‍ॅक्सलमधली शेवटची गिअरजोडी) ३.९३ सारखे वागते, म्हणजे चाकाची ओढ कमी होते. भरल्या गाडीने चिखलदऱ्याचा घाट चढताना हाफ क्लचवर (क्लच अर्धा दाबून) ओढावे लागते, क्लचप्लेट जळते ती इथेच. क्राऊन-पिनियन बदलाल तर पुढचे-मागचे दोन्ही एकाच गुणोत्तराचे घ्या, नाहीतर फोर-व्हीलमध्ये ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) जाईल. आणि रुंदी हवीच कशाला? ओली माती मडगार्डमध्ये थापली जाऊन चाकच अडकते. अरुंद, खोल नक्षीचाच टायर घ्यावा.

– एक वाचक, जि. अमरावती