कॅरोल किंगचा आवाज

प्रिय वृंदा,

तुझं पत्र मिळालं. ‘चाली मी करते, गायला दुसरं कुणी बघू’ असं लिहिलंयस. ते वाचलं आणि मला अमेरिकन गायिका-संगीतकार कॅरोल किंगच आठवली. आठवडाभर घरात तिचा ‘टॅपेस्ट्री’ हा अल्बम वाजतोय, तेव्हा आज तिच्याबद्दलच लिहिते.

ब्रुकलिनची मुलगी. १९६० साली वय अठरा, पदरात तान्ही लेक, आणि काम न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्यांसाठी चाली करण्याचं. एका संध्याकाळी बाहेर जाताना तिने टेपरेकॉर्डरवर एक चाल भरून ठेवली. नवरा, जेरी गॉफिन, तेव्हा प्रयोगशाळेत नोकरीला. तो घरी आला, चाल ऐकली आणि शब्द लिहिले. तेच ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’. शिरेल्स या मुलींनी ते गायलं आणि जानेवारी १९६१मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

पुढे अरेथा फ्रँकलिनसारख्या मोठ्या गायिकेपर्यंत कितीतरी जण तिची गाणी गायले. मधे तिच्या आवाजातलं एखादं गाणं चाललंही, पण एरवी तिचा आवाज राहिला डेमोत, म्हणजे नमुन्याच्या ध्वनिमुद्रणात, गाणाऱ्याला चाल कळावी एवढ्यापुरता.

मग संसार मोडला. दोन मुलींना घेऊन ती लॉस एंजेलिसला गेली. लोकांसमोर गायची तिला धास्ती वाटे. गायक जेम्स टेलरने तिला धीर दिला. आणि निर्माता लू अ‍ॅडलर तर तिच्या त्या डेमोंवरच जीव टाकून होता. ती पियानोशी बसून आपल्यासाठीच गातेय असं ऐकणाऱ्याला वाटावं, एवढंच त्याला हवं होतं. १९७१च्या फेब्रुवारीत ‘टॅपेस्ट्री’ आला, पंधरा आठवडे पहिला राहिला, पुढच्या वर्षी चार ग्रॅमी पुरस्कार मिळाले. ती समारंभाला गेलीसुद्धा नाही. घरी बाळ अगदी लहान होतं.

वृंदा, त्यात तेच जुनं गाणं तिने स्वतः म्हटलंय. शिरेल्सच्या गाण्यात व्हायोलिनं आहेत, ठेका पुढे ओढत नेतो. इथे लय एकदम संथ. ‘उद्याही प्रेम करशील ना?’ हा प्रश्न तिथे एक मुलगी पहिल्यांदा विचारते. इथे विचारणारीला तो ‘उद्या’ कसा निघाला ते माहीत आहे, तरी ती विचारते. आवाज वरच्या स्वराला थोडा चरचरतो, आणि तिथेच माझ्या पोटात कालवतं. घोटून तयार केलेल्या गळ्याला ती जागा साधली नसती.

तुझी ती पावसाची चाल, गेल्या दिवाळीत ओट्याशी उभी राहून गुणगुणत होतीस ती, फोनवर भरून पाठव. तुझ्याच आवाजात. मागे कुकरची शिट्टी आली तर येऊ दे.

तुझीच,
मेधा